चाळीस सेकंद

आयर्न लाँड्रीचा तो कार्यक्रम मी चोरून नेला होता
कोटाच्या आतल्या खिशातून.
ग्रिम्सबी, बहात्तरचा फेब्रुवारी,
खाणी बंद, वीज घड्याळ लावून जायची,
आणि बर्फाच्या कारखान्यातून थेट आलेला मी,
बोटं अजून माशांच्या पेट्यांसारखी गार,
कॉर्पोरेशन हॉलच्या बाल्कनीत
बहिणीचा टेपरेकॉर्डर पोटाशी धरून बसलेला,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

पंचेचाळीस मिनिटांनी एक बाजू संपली.
कॅसेट उलटायला माणसाला किती वेळ लागतो?
माझ्या हातून ती पडली. अंधारात, बुटांच्या गर्दीत.
चाचपली, सापडली, बसवली, बटण दाबलं.
तोवर 'ईस्ट पिअर' सुरू होत होतं.

नंतर कळलं, दुसरं रेकॉर्डिंग कोणाकडेच नाही.
माझ्या कॅसेटची प्रत हलला गेली, लीड्सला गेली,
प्रतीची प्रत ऑस्लोला, तिची ओसाकाला,
दर मुक्कामी गाणी
आणखी थोडी वाळू खिशात भरून घेत निघाली
आणि ते भोक मात्र सगळीकडे जसंच्या तसं.
लोकांनी त्यात काय काय भरलं!
रेग गॉटरिजने वाजवलेला असा एक तुकडा
जो त्याला पुन्हा कधी जमला नाही.
कोणी म्हणे, ड्रमर रडला.
ट्रॉन्डहाइमच्या एकाने त्यावर तेरा पानं लिहिली.
बँड मोडला, दोघे गेले,
तरी दर फेब्रुवारीत कुठे ना कुठे पोरं जमायची,
कॅसेट लावायची, आणि त्या जागी ती थांबवून
चाळीस सेकंद गप्प उभी राहायची,
युद्धस्मारकापाशी राहतात तशी.
मीही उभा राहायचो. मान खाली.
कोणत्या तोंडाने सांगणार
की हा माझ्या गारठलेल्या अंगठ्याचा स्मृतिदिन आहे?

मग मूळ टेपा निघाल्या,
साउंडवाल्याच्या बायकोकडे, शिलाई मशीनखाली.
इमोजेन नावाच्या मुलीने,
जिची आईसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती,
त्या मंद आचेवर भाजल्या, केक भाजावा तशा
(चिकटलेला थर त्याने सुटतो म्हणे)
आणि आठ महिने खरखर वेचत बसली,
हॅडकमधले काटे वेचावेत तशी.

काल ऐकवलं. इथेच, चॅपलच्या मागच्या खोलीत.
साठ-सत्तर माणसं, चहाचा मोठा बंब,
ओसाकाहून दोघी आलेल्या.
माझ्या शेजारी डेस्मंड, डाव्या कानाने ऐकणारा,
उजवा आता नुसता टोपी अडकवायला.

जागा आली. कोणी श्वास घेईना.
टाळ्या विरल्या. रेगने एक तार पिळली, सैल सोडली.
माइकवर कोणीतरी खाकरलं,
आणि हॉलच्या मॅनेजरचा आवाज,
कालच पुसलेल्या काचेसारखा:
"बाहेर एक हिरवी मॉरिस आहे. दिवे चालू राहिलेत.
ज्याची असेल त्याने जाऊन बंद करा.
विजेची तशीही बोंब आहे."
हशा. मग ड्रम.

एवढंच.

डेस्मंड उठून उभा.
"माझी! अरे, बाबांची मॉरिस ती! माझी!"
आणि सगळी खोली त्याच्यावर कोसळली,
ओसाकाच्या दोघी त्याचा हात सोडेनात,
एका पोराला गाडीचा नंबर हवा होता.

तेव्हा मला आठवलं.
माझे गुडघे ओलांडत तो घाईने बाहेर पडला होता.
कॅसेट पडली ती त्याच्या धक्क्याने.
आणि पन्नास वर्षं हाच माणूस सांगत आलाय,
'ईस्ट पिअर' मी समोर बसून ऐकलं.
मी काही बोललो नाही. बंबाशी जाऊन
दोघांसाठी चहा आणला.

बॅटरी तरीही उतरलीच होती त्या रात्री.
क्लीथॉर्प्सपर्यंत चालत गेलो आम्ही,
समुद्राकडून वारा, दात वाजतायत,
आणि वाटेत मी त्याला ते गाऊन दाखवलं,
सगळं, गिटारसकट, तोंडाने, बेसूर.
त्याने ते पहिल्यांदा ऐकलं ते असं.
त्याची टेप कोणाच्याच मशीनखाली नाही.