आठशे पेसो आणि जेवण

ठरलं होतं ते एवढंच:
आठशे पेसो, दुपारचं जेवण,
आणि डोळे मिटून पडायचं.
"तुमचा चेहरा छान मेलेला आहे," नोएलिया म्हणाली.
दिग्दर्शिका. वय सत्तावीस.
आईची गाडी विकून सिनेमा काढत होती.

मी वॉशिंग्टन सिल्वेरा, पायसांदूचा,
कत्तलखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर.
गुरांचे डोळे मिटत नाहीत, हे बघितलेलं.
माझे मिटले.

गोष्ट अशी की भाडोत्री मारेकरी
भलत्याच माणसाला मारतो,
आणि ज्याला मारायचं होतं त्याची बायको
आगाऊ दिलेले पैसे परत मागते.
हसायचं की नाही, आमच्यातही एकमत नव्हतं.

जागा खरी होती: अंत्यदर्शनाचे दोन हॉल, शेजारी शेजारी.
मंगळवारी एक स्वस्तात मिळतो.
दुसऱ्यात त्या दिवशी आपारिसिओ तेचेरा, घड्याळजी,
सिनेमातला नव्हे.
नावाच्या पाट्या लावणारी पोर रात्रभर जागलेली.
तिनं ह्याची पाटी त्याच्या दाराला, त्याची ह्याच्या.
बस.

आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला, जुन्या कोटाचा.
मग कपाळावर हात.
वाटलं, काय नटी शोधलीय!
"आपारिसिओ," हात म्हणाला, "किती रे बदललास.
मिशीसुद्धा काढली यांनी."

झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
मरणाचं घेतलेल्याला तर
सगळं ऐकून घ्यावं लागतं.
एकजण वाकून पुटपुटला,
"तुझे तीन हजार मी बुडवले,"
आणि माझ्या खिशात काहीतरी कोंबलं.
एकीनं नुसता कान पिळला. जोरात.
"कशासाठी ते तुला ठाऊक आहे."
मला ठाऊक नव्हतं.
पण कान जळत राहिला, आणि खोटं कशाला बोलू,
माझ्याही खात्यावर दोन-तीन गोष्टी होत्या,
त्यांतल्या एकीला तो लागू पडला.

नोएलियाच्या कानात कुणीतरी सांगितलं, ही आपली माणसं नाहीत.
तिनं ओठांवर बोट ठेवलं.
कॅमेरा चालूच.

आणि आपली माणसं?
नाचाच्या क्लासमधून आणलेली अकरा, प्रत्येकी तीनशे,
पलीकडे खऱ्या पेटीवर कोसळून रडत होती.
पेटीशी एकटी नीबिया, त्याची बायको.
नवरा गावात जेमतेम सहा जणांशी बोलायचा.
ती रडणाऱ्या बायका मोजत होती.
सात.
एकीची हॅट काळी, पिसांची.

मग तोंडाला फासलेली पावडर नाकात गेली
आणि मी शिंकलो.
किंचाळ्या नंतर. सगळ्यात आधी
तो तीन हजारवाला हात
परत माझ्या खिशात आला.

दोन वर्षांनी रोइंग क्लबात चादरीवर सिनेमा दाखवला.
चाळीसेक माणसं, निम्मी नोएलियाची नातेवाईक.
कान पिळला तेव्हा
तिसऱ्या रांगेत एकटी नीबिया हसली,
इतकी, की पुढचा म्हातारा वळून बघायला लागला.

बाहेर नदीवरून वारा होता.
बगलेतल्या थर्मासमधून तिनं मातेवर पाणी ओतलं,
तुंबडी माझ्या हातात दिली.
"वरच्या मजल्यावरची ती. तिच्या आईचं घड्याळ
यानं नऊ वर्षं उघडून ठेवलं होतं."
मी नळीनं ओढत राहिलो. कडू होतं, फार गरम.

"आणि माझ्याकडच्या त्या सातजणी?"

मी सांगितलं. नाचाचा क्लास. तीनशे पेसो.

ती नदीकडे बघत राहिली.
पलीकडे अर्जेंटिनाचे दिवे.

"एकही खरी नव्हती?"
"नाही."
"ती पिसांच्या हॅटवालीसुद्धा?"
"ती दंतवैद्याकडे कामाला आहे."

तुंबडी परत घेताना तिचा हात थोडा रेंगाळला,
काहीतरी हरवल्यासारखा.
वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस मी.
एक तरी खरी होती म्हणायला
काय जात होतं माझं.