पत्ता एकच, अडुसष्ट

चोपड्याला, बस स्टँडमागे, पत्र्याच्या माडीवर
माझं दुकान. पंखा गरम वाराच ढवळतो.
टेबलावर दोन चिपा.
एक आठ पायांची, तेरा-शून्य-सात.
दुसरी सोळा पायांची, बत्तीस-एकतीस,
त्यातल्या आठ पायांना काही काम नाही,
नुसतं जमिनीला टेकून बसायचं.
दोघींचा पत्ता एकच, अडुसष्ट.
हाक मारली की कोणतीही
त्याच तत्परतेने वेळ सांगते.

फरक मे महिन्याला विचारावा.

उखा आणि भिला महाजन. विहीर एक, मोटर एक,
केळीचे तुकडे दोन.
गेल्या साली मीच दिले दोन डबे,
एकाच दुपारी जोडलेले, आत तेरा-शून्य-सात,
शेजारी तांदळाएवढा स्फटिक,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा.
उखाचा डबा निंबाखाली.
भिलाचा उघड्या खांबावर,
जिथे पत्र्याला बोट लावलं तर फोड येतो.

तापला की स्फटिक मंद होतो.
गारठला तरी मंदच.
त्याला मानवतं ते पंचवीस अंश,
आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे चार दिवस.

मार्चपासून रोज सेकंद, दीड सेकंद.
मेअखेर एका रात्री दोनला
उखाचा व्हॉल्व्ह वेळेवर मिटला,
भिलाचा उघडायला दोन मिनिटं होती.
मोटरीला कोण सांगणार?
बांधावर पाइप फुटला,
उजाडेपर्यंत पाणी नाल्याला.

भिला म्हणाला,
"त्याना डबा बराबर, मना कसा लेट?"
उखा सावलीत उभा होता. काही बोलला नाही.

बत्तीस-एकतीस दर चौसष्ट सेकंदांनी
आपला ताप आपण मोजते,
तेवढं सावरून घेते.
किंमत आठपट.
शिवाय तिच्याच नावाची एक बहीण बाजारात फिरते,
शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, पोटात स्फटिकच नाही.
भिंग लावून वाचावं लागतं.

आधी वाटलं, उन्हात महाग लावू, सावलीत स्वस्त.
मग वाटलं, उखा विचारेल, मला हलकी का?
आणि निंब तरी किती वर्षं उभा राहील.

दोन्ही डब्यांत बत्तीस-एकतीस बसवल्या.
वर प्रोग्राममध्ये एक ओळ घातली:
दुसरा उघडल्यावरही पहिल्याने लगेच मिटायचं नाही,
पाच मिनिटं दोघांनी मिळून वाहायचं.

त्या पाच मिनिटांचं पाणी कोणाच्या खात्यात,
अजून कोणी विचारलेलं नाही.