डायल चारवर

सकाळी सातला पंप लावतो.
गादी फुगायला अकरा मिनिटं लागतात.
मग बूट काढून तिच्यावर फिरतो
कडेकडेनं, टाच रुतवत.
टाच जमिनीला टेकली
तर आज बैल नाही,
मग जत्रेची कमिटी काहीही म्हणो.

बैलाचं नाव पीच. बायकोनं ठेवलेलं.
वर खरं कातडं, पोटात मोटर,
शिंगं मऊ रबराची.
आधी खरी होती. दुसऱ्याच वर्षी करवतीनं उतरवली,
विमावाल्यांनी सांगायच्या आधी.
ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात.
माझा कुठे जात नाही,
चार बोल्टांनी ट्रेलरला जखडलाय.
जातं ते माणूस.
बहुतेक वेळा डावीकडे.

मग कागद. दोन पानं, मुंगीएवढी अक्षरं.
मान, मनगट, कणा, आणि क्वचित प्रसंगी...
क्वचितच्या पुढचा शब्द
वाचताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.
एकमेकांच्या पाठीवर ठेवून सह्या करतात,
मक्याच्या कणसाचं लोणी लागलेल्या बोटांनी.
मी विचारतो, दारू? पोटात बाळ? पाठीचं ऑपरेशन?
ते हसतात.
मी हसत नाही. उद्या कोणी विचारलं,
तर माझं हसणंसुद्धा नोंदीत जाईल.

कॅसिडी प्रोहास्कानंही सही केली होती,
तिच्या एसवर छोटंसं फूल.
एकोणीस वर्षांची. मैत्रिणी ओरडत होत्या, अजून, अजून.
गर्दी ओरडते तेव्हा
अंगठ्याला वाटतं, हे आपल्यालाच म्हणतायत.

मनगट दोन ठिकाणी.

वकिलानं विचारलं, मिस्टर ह्रुस्का, डायल कितीवर होता?
चार.
आठवतंय, की वहीत लिहिलंय?
वहीत लिहिलंय.
वहीत लिहिलं होतंच. त्या रात्री, ट्रकच्या दिव्याखाली,
वरच्या ओळी निळ्या, ही एक काळी.
पेन बदललेलं कुणी पाहिलं नाही.
कंपनीनं पैसे दिले, तिच्या आईनं घेतले.
सहीचं काम कागदानं चोख केलं.
त्याच्या पलीकडचं काम कागदाचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी डायलच्या कडेला एक स्क्रू पिळला.
आता तो चारच्या पुढे वळत नाही.
हाच माझा झोपा.
ती आता पायच्या स्टॉलवर असते,
बरणीचं झाकण डाव्या हातानं उघडते.
मी तिथून पाय घेत नाही.
ती मला ओळखते की नाही, माहीत नाही.

आज संध्याकाळी डेल्मर व्हाव्रा आला.
वय एकाहत्तर, नवी हॅट,
मागे पाच नातवंडं.
शिंगं मोडून वासरांत शिरलेला.
कागद मात्र त्यानं वाचला. अख्खा. चष्मा लावून.
क्वचितपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, सही केली.
म्हणाला, जोरात सोड हं.

मी दोनवर ठेवला.
दोन म्हणजे पाळणा. दोनवर मी तीन वर्षांची पोरं बसवतो,
आईनं कंबर धरलेली.
डेल्मरनं एक हात वर केला, हॅट हलवली,
पोरं किंचाळली, कुणीतरी शिट्टी मारली,
पीच संथ मान डोलावत राहिला,
जणू ओढ्यावरून परत येतोय.

उतरला. गादीवर दोनदा गुडघे टेकले, मग उभा राहिला.
माझ्या कानाशी आला, दम लागलेला.
"कितीवर होतो?"
"दोनवर."
खरं सांगितलं. सोपं होतं.
त्यानं हॅटच्या आतली पट्टी पुसली, बराच वेळ.
"पोरांना चार सांग."

पाचही कुंपणाला लोंबकळत होती.
धाकटीनं विचारलं, आजोबा कितीवर होते?

चार, म्हणालो.
आवाज अगदी तोच आला.