वाजवून घेणे

कोरॅलीनं सकाळी सातला हॉर्न दिला.
मी थर्मास घेतला, टॉर्च,
आणि लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर.
मागच्या सीटवर टेगन, वय चौदा,
गुडघ्यावर खपली,
एका स्कीवर उभं राहायला नुकतीच शिकलेली.
"दोनच बघायच्या," कोरॅली म्हणाली,
"तू हो म्हणशील ती घेऊ."
पैसे तिच्या आईच्या घराचे, विकून उरलेले.
हे तिनं सांगितलं नाही.
यारावोंगात असल्या गोष्टी बेकरीत कळतात.

पहिली मुलवालात, पुलापलीकडे.
लाल. इतकी लाल
की टेगनचा श्वास ऐकू आला.
हॅगर्टीनं पॉलिश चढवलेलं, सीटा नव्या,
स्पीकर एवढे की मरे नदीतले मासे तक्रार करतील.
मी इंजिनावरचं झाकण उचललं, तळवा ठेवला.
कोमट.
"सकाळी चालवलीस?"
"छे. आठवडाभर हात नाही लावला."
थंड इंजिन पहिल्या किल्लीला काय बोलतं
तेवढं ऐकायला मी पहाटे उठलो होतो,
आणि यानं त्याच्याकडून आधीच पाठ करून घेतलेलं.
डिपस्टिक ओढली. तेल दुधाळ,
कुणीतरी विसरून ठेवलेल्या चहासारखं.
फडक्यावर पुसून मी कोरॅलीला दाखवलं,
टेगनला नाही.

दुसरी कोरोवात, नोएलीनच्या शेडमध्ये,
चार हिवाळे ताडपत्रीखाली.
हिरवा रंग विटून शेवाळी झालेला,
एका सीटमध्ये उंदरांचा संसार.
टेगन बाहेर जाऊन कुत्र्याशी बोलत बसली.
इंजिन विहिरीतल्या दगडाइतकं गार.
तेल तांबूस, स्वच्छ.
प्रॉपेलर धरून हलवला, शाफ्टला तसूभर खेळ नाही.
नोएलीननं एक वही आणून दिली.
ग्रॅहमचं अक्षर: तारीख, किती तास चालली,
कोण स्कीवर उभं राहिलं, कोण पडलं, कितीदा.

मग मी आडवा झालो.
फळ्या काढून आतल्या तुळया वाजवू लागलो,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं, टोकापासून मागे.
ठक्. ठक्. ठक्.
कलिंगड घेताना ऐकतात तसा कान लावून.
ठक्. ठक्.
भद.

टॉर्च धरला.
तुळईच्या कडेला रेझिनचा सुकलेला ओघळ,
त्यात अंगठ्याचा ठसा.

एकवीस वर्षांपूर्वी ग्रॅहम म्हणाला होता,
"ईस्टरला पोरं येतायत, कसंही कर."
मी कसंही केलं.
ओल्या लाकडावर फायबर चढवलं, वरून रंग,
आणि सांगितलं, हिवाळ्यात नीट करू.
पुढचे हिवाळे त्याच्या गुडघ्याचे निघाले,
नंतरचे फुप्फुसाचे.
मी वहीत ती तारीख शोधली.
"तुळई दुरुस्त. पक्की."
पक्कीखाली दोन रेघा.

"काय झालं?" टेगन केव्हा आत आली कळलं नाही.
मी मूठ तिच्या हातात दिली.
तिनं वाजवलं, पुढून मागे, अजिबात घाई न करता,
आणि नेमकी तिथं थांबली.
"इथं काय आहे?"
"मी," म्हणालो.
तिला वाटलं, म्हातारा नीट ऐकत नाहीये.
तिनं पुन्हा वाजवलं.

नोएलीनला सांगितलं. सगळं.
ती कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिली.
"त्याला माहीत होतं का?"
"नाही."
"मग बरं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं,
"की वाईट?"

तुळई बदलायला तीन आठवडे, सगळी जमीन उपटून.
मजुरी घेणार नाही, म्हणालो;
लाकूड, रेझिन कोरॅलीचं.
किमतीचं त्या दोघी दाराशी बोलल्या,
मी मुद्दाम ट्रेलरचे टायर बघत बसलो,
जे कसेही बदलावेच लागणार होते.

परतताना कोणी हो म्हटलं नाही, नाहीही.
वहागुनयाहजवळ पेट्रोल भरलं.
मागे टेगन वाजवत होती:
दार, खिडकी, थर्मास,
स्वतःचा गुडघा, खपलीच्या जरा वर,
मग पुढे वाकून
माझ्या सीटची पाठ.