दहा नंबरची काच

महालक्ष्म्या उठल्या त्या दुपारी
इराण्णानं समोरच्या फॅब्रिकेशनमधून हाक मारली :
अक्का, बोरी भरली. नर-मादी दोन्ही पडायलेत.

तीन वर्षांनी.
दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कॅमेरा घेतला,
आणि त्याच्याकडं वेल्डिंगची काच मागितली,
दहा नंबरची, जिच्यातून सूर्यसुद्धा
पिकल्या बोराएवढा दिसतो.
शहरात यासाठी वेगळा फिल्टर मिळतो,
त्याच्या किमतीत माझं महिन्याचं भाडं निघतं.
देतो की, म्हणाला, पण मी सोबत येणार.
उद्या गेटची ऑर्डर आहे.

एकवीस वर्षं मी एकच वाक्य विकत आले :
हलू नका.
मुंडावळ्यांखाली घामेजलेल्या नवऱ्यांना,
भरतीच्या फॉर्मसाठी आलेल्या पोरांना,
पेन्शनच्या म्हाताऱ्यांना,
ज्यांची मान आपसूकच नाही-नाही म्हणत असते.
एकदा रात्री अकराला बोलावणं आलं.
जिवंतपणी फोटोच काढला नव्हता कुणी.
खुर्चीत बसवलेलं, फेटा बांधून,
पाठीमागून दोघांनी धरलेलं.
सवयीनं तोंडातून निघून गेलं : हलू नका.
कुणी हसलं नाही.

किल्ल्यात पाय ठेवायला जागा नव्हती.
ट्रायपॉडला दगडांची पिशवी लटकवली,
काच रबरबँडनं लेन्सवर बसवली,
आणि पाण्याला काहीच सांगितलं नाही.

तीस सेकंद.
बटण दाबून मी हात मागं बांधले.
श्वास अडकला होता माझाच.
शेंगावाला लेन्ससमोरून दोनदा गेला, टोपलीसकट.
एका पोरीची ओढणी उडाली, ती धावली,
तिच्यामागं तिची आई, आईमागं शिव्या.
पाणीमहालाच्या खिडकीतून कुणीतरी शिट्टी मारली.
पाणी पडत होतं.

स्क्रीनवर सगळं हिरवट,
शेवाळात बुडवून काढल्यासारखं.
थेंब नाही, उसळी नाही, आवाज तर नाहीच.
पिंजाऱ्याच्या खोलीत कापूस तरंगावा
तसं काहीतरी, भिंतीवरून लोंबणारं.
पाणी असं कधीच नसतं.
मी डोळ्यांनी पाहिलं तेही असं नव्हतं.
पण खोटं कसं म्हणू?
त्या तीस सेकंदांत जे जे पडलं
ते सगळं इथंच आहे,
फक्त आता वेगळं काढता येत नाही.

माणसं मात्र गेली. शेंगावाला नाही,
ओढणी नाही, आई नाही,
शे-दीडशे लोकांची नुसती एक झाक,
काचेवर फुंकर मारावी तेवढी.
उरला तो इराण्णा.
धबधब्यापुढं, कठड्यावर, मांडी घालून,
आपल्या काचेवर नजर रोवून बसलेला.
दगडाइतका स्पष्ट.

त्यानं बराच वेळ बघितलं.
ह्यात पाणी कुठंय, अक्का? धूर झालाय नुसता.
मग गप्प झाला.
मग : माझे डोळे बघ की.

खरंच. माझ्या स्टुडिओत
त्याचे डोळे दरवेळी मिटायचे.
ठिणग्यांची सवय, फ्लॅश पडायच्या आधीच पापणी खाली.
मी चिडायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा मिटायचे.
आधार कार्डावरसुद्धा तो झोपलेला आहे.
आत्ताही मिटले असतीलच, आठदा, दहादा.
कॅमेऱ्यानं मोजले नाहीत.
उघडे होते तेवढा वेळ धरला.

ह्याचाच पासपोर्ट साइझ काढ, म्हणाला.
मी नाही म्हणाले, मग काढला.
हिरवेपणा कमी केला,
नर कापला, मादी कापली, भिंत कापली,
आठ प्रती, पैसे घेतले नाहीत,
काचेचं भाडं समजून.

बँकेनं परत पाठवला.
मागची बाजू कोरी पाहिजे, बाई म्हणाल्या,
हे पांढरं पांढरं काय आहे?

कोरीच आहे की मॅडम, इराण्णा म्हणाला,
पाणी आहे ते.