ठिपक्यांचं पाखट

दिवाळे गावात, जेट्टीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
समाजमंदिराच्या जिन्याखाली एक कपाट आहे.
त्याची किल्ली शनिवारपुरती माझी.
बाकीचे दिवस ती तांडेलांकडे, खिळ्याला,
विजेच्या बिलांच्या मागे.

कपाटात एकशे सोळा चित्रपुस्तकं.
एका कानाच्या सशाचं, तोतऱ्या पोपटाचं,
उंचीला भिणाऱ्या घारीचं.
सगळ्यांच्या मलपृष्ठावर थोड्या फरकाने तेच:
तू आहेस तसाच छान आहेस.

मी ते छान वाचते.
आवाज कुठे मऊ करायचा, कुठे थांबायचं, सगळं येतं मला.
नेरूळहून बसने येते, भर मे महिन्यात,
मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घालून.
उजव्या हाताला कोपराखाली कोड आहे.
आई त्याला 'ते' म्हणते.
'ते' स्थळाला आधी सांगायचं की नंतर
यावर घरात दोन तट होते.
पुढे स्थळं थांबली. तटही.

त्या शनिवारी माशाची गोष्ट होती.
सगळे मासे निळे, याच्या एकट्याच्या अंगावर पांढरे ठिपके.
कुणी खेळायला घेत नाही.
मग जाळं येतं, ठिपकेवाला ते कुरतडतो, सगळे सुटतात,
आणि सगळे म्हणतात, अरे, किती सुंदर तुझे ठिपके!
इथे मी थांबते.
इथे मुलं टाळ्या वाजवतात.

"जालं कोनाचं व्हतं?" मागून एक पोरगा.
"नवीन जालं केवढ्याला येतं, म्हाईत हाय का?"

त्याचं हसू ओसरेस्तोवर
वेदश्री नाखवा कैरी चोखत होती.
मग म्हणाली,
"आनि जालं आलंच नसतं तं?"

मी पान उलटलं. पुढे पान नव्हतं.

"बाय, माझी आय ठिपक्यांचं पाखट विकते.
गिऱ्हाईक ताजं हाय का बघतंय.
ठिपके कोन मोजत नाय.
आनि मासं एकमेकांना हसत नाय.
मासं खातात."

रात्री घरी नेलेली पुस्तकं पुन्हा चाळली.
सशाच्या एका कानाला वाघ आधी ऐकू आला होता.
पोपटाच्या तोतरेपणाने चोर गोंधळला होता.
घारीने खाली राहून आग पाहिली होती.
प्रत्येकाने आधी काहीतरी भरलं होतं,
मग छान असल्याची पावती.

मीही भरतच आले असणार.
वर्गात पहिली. ऑफिसात दिवे मालवणारी.
प्रत्येक बारशाची रांगोळी माझ्याकडे,
बाही न माखवता.

पुढच्या शनिवारी कोरा कागद नेला.
म्हटलं, जाळं आलं नाही. आता सांगा.
पोरं गप्प. कुणी शार्क सुचवला, कुणी तेलगळती.
वेदश्रीने सांगितलं, मी स्केचपेनने लिहिलं:

त्या दिवशी जालं आलं नाय.
ठिपक्यांचा मासा तिथंच व्हता.
त्याला भूक लागली. त्यानं खाल्लं.
बाकीचे पन व्हते.

"मग?"
"मंग काय. संपली."

टाळ्या नाहीत. जाळ्यावाला पोरगा मात्र
पहिल्यांदाच निवांत मांडी घालून बसला होता.

शेवटच्या पानावर तो कागद चिकटवायला घेतला.
डिंक पातळ, कागद सारखा वर येणारा,
दोन्ही हातांनी दाबून धरावं लागणार होतं.
बाही डिंकात जात होती. वर सारली.
वेदश्रीने कैरीचा हात फ्रॉकला पुसला
आणि दुसरं टोक धरलं.
एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे.
"तुमच्या बाजूनं सुटतंय," म्हणाली.

मी अंगठा सरकवला.
डिंक वाळेपर्यंत दोघी तशाच बसून होतो.