मिनिटाला शहात्तर

बोलिव्हियाला नौदल आहे, समुद्र नाही.
आमच्या टिकिनाच्या तळावर
हे वाक्य कुणी हसून म्हणत नाही.

मास्तर फेर्मिन ताक्विचिरी ओरुरोकडच्या खाणवस्तीतले.
बापाच्या खोकल्यांमधलं अंतर मोजत झोपायचे,
तालाचं पहिलं गणित ते.
तेराव्या वर्षी कार्निव्हलच्या बँडात ट्यूबा;
पोरानं ट्यूबा उचललाय की ट्यूबानं पोर,
लांबून कळत नसे म्हणे.

एकोणतीस वर्षं त्यांनी आम्हाला वाजवायला लावलं
जवळजवळ चार हजार मीटरवर,
जिथं बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते.
पहाटे माउथपीस काखेत घेऊन बसायचो,
अंडी उबवणाऱ्या कोंबड्यांसारखे,
पितळ ओठाला चिकटू नये म्हणून.
"श्वास उसना मिळत नाही," मास्तर म्हणायचे.
"शेजाऱ्याकडे बघू नकोस."

मंत्री वाजवले, लग्नं वाजवली.
एका पाणबुड्याच्या अंत्ययात्रेत गारा सुरू झाल्या,
माझ्या मोठ्या ढोलावर ताडताड.
त्यांनी मला बोटानं थांबवलं
आणि कबरीपर्यंत गारांनाच वाजवू दिलं.

दर तेवीस मार्चला मात्र
हरवलेल्या समुद्राचं मार्च.
त्याची गती मास्तरांनीच ठरवलेली,
तितिकाकाच्या काठावर घड्याळ घेऊन,
लव्हाळ्याच्या होडीवर लाटा आपटतात त्या मोजून.
मिनिटाला शहात्तर.
खाली सही, वर शिक्का.

निवृत्त झाले, तेव्हा मुलीनं बसनं आरिकाला नेलं.
सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारून घेतला,
मग समुद्र.
कसा होता, विचारलं.
म्हणाले, मासे महाग आहेत.

पुढच्या तेवीस मार्चला नवा बँडमास्टर,
तरुण, अचूक, शहात्तर म्हणजे शहात्तर.
मास्तर गर्दीत, शेंगदाणेवालीच्या पाठीमागे,
टोपी हातात.
त्यांचा उजवा बूट हलत होता.
माझ्या ठोक्यावर नाही.
उशिरा. मग आणखी उशिरा.
मग दोन एकदम,
आणि नंतर इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं थांबले.

खरं सांगतो, माझा हात त्या बुटामागे गेला.
पुढच्या रांगेची पावलं फाटली,
एक क्लॅरिनेट किंचाळलं.

तीन दिवस झांजा घासायची शिक्षा.
चूक का झाली, ते नोंदवहीत लिहावं लागतं.
मी लिहिलं: वारा.